डाव्या हाताची गाठ

शुभाताई गेल्याचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. रोवण्याचे दिवस होते. मी आईबरोबर भाताच्या बांधीत होते आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला होता. चिखलाचे हात ओढणीला पुसून उचलला, तर ताईचा भाऊ बोलत होता. मी म्हटलं, मी वैशाली. तो म्हणाला, "काकाजी आहेत का जवळ? त्यांच्याशी बोलायचं होतं." बाबा तलावावर आहेत, काही निरोप असेल तर सांगा, असं मी म्हणाले. त्यावर तो एवढंच म्हणाला की निरोप नाही, त्यांनाच द्या. मग मी फोन हातात धरून धुऱ्याधुऱ्यानं तलावाकडे चालू लागले. त्याच्या आवाजावरून मला कळलं होतं काय ते. पण चालताना डोक्यात दुसरंच चालू होतं. ही बातमीसुद्धा माझ्यासाठी नाही… मी फक्त फोन पोचवणारी.

बाबा कमरेएवढ्या पाण्यात होते. काठावर येऊन त्यांनी डोक्याच्या दुपट्ट्याला हात पुसले, फोन कानाला लावला, तीन-चार वेळा "हो" म्हणाले, शेवटी "येतो" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. मग पुन्हा पाण्यात उतरले, कारण टाकलेलं जाळं अर्ध्यावर सोडता येत नाही. ते त्यांनी सावकाश ओढलं, तलावाच्या मातीच्या पाळीवर आणलं आणि त्यात होते नव्हते तेवढे मासे एकेक करून पाण्यात सोडून दिले. आम्ही ढिवर. धरलेला मासा बाबांनी परत सोडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

शुभाताई माझी नात्यानं कोणी नव्हती. ती भंडाऱ्याची, विणकरांच्या, कोष्ट्यांच्या घरातली. तिच्या घरी अजून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा माग आहे. जंगली जनावरांच्या वाटा राखण्याचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेनं तिला दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गावात पाठवलं. आमचं गाव आंबागडच्या बाजूचं, टेकड्यांच्या पायथ्याशी. तिला राहायला जागा हवी होती, आणि त्याच वर्षी मी कॉलेजसाठी भंडाऱ्याला होस्टेलवर गेल्यामुळे पडवीतली माझी खोली रिकामी होती. खोली म्हणजे काय, एक खाट, एक फळी आणि एक खुंटी. मी तिच्या शहरात गेले आणि ती माझ्या खाटेवर आली, असं ते झालं. संक्रांतीला घरी आले तेव्हा माझ्या खुंटीला तिची झोळी टांगलेली होती आणि आई तिला ताटात दुसऱ्यांदा भात वाढत होती. मला पाहून आई म्हणाली, "आली का वं? बस, हात धू." जशी मी पाहुणी.

आधी त्या जागेबद्दल सांगायला हवं, नाहीतर ताई इथं कशासाठी आली ते कळणार नाही. आमच्या तलावाच्या पाळीपासून टेकडीपर्यंत मोहाच्या झाडांचा एक पट्टा आहे. तो फार रुंद नाही. एका कडेला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या कडेला ऐकू जाते. त्याच्या एका अंगाला शेतं आहेत आणि दुसऱ्या अंगाला रस्ता आणि विटाभट्ट्या. वर सातपुड्याच्या डोंगरात राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून दक्षिणेकडच्या जंगलांत जनावरं जातात, येतात, आणि आमच्या भागात त्यांना झाडांखालून जायला एवढीच जागा उरली आहे. पण गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात, आणि फुलं गळायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळं फूल दिसतं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. आग झाडाखाली थांबत नाही. दरवर्षी सगळा पट्टा जळायचा आणि जनावरं शेतातून, घरांमागून निघायची. ताई येण्याच्या आदल्या वर्षी धुरानं हटलेली एक अस्वल मादी शेतातून निघाली आणि तिनं आमच्या शेजारच्या नामदेवकाकांचा खांदा फाडला. तेव्हापासून नामदेवकाकांचा तो हात वर जात नाही. ताईनं पहिल्या बैठकीत जनावरांच्या रस्त्याबद्दल सांगितलं तेव्हा ते उठून म्हणाले होते, "अस्वलाले रस्ता पाह्यजे म्हनते. अन् माह्या खांद्याले काय पाह्यजे, ते विचार ना बाई." लोक हसले. ताई हसली नाही. तुमच्याच खांद्यासाठी आले आहे, असं काहीतरी ती म्हणाली म्हणे. मी नव्हते.

खरं तर भ्रमणमार्ग, म्हणजे जनावरांची ये-जा करायची वाट, हा शब्द आमच्या घरात मी आणला होता. ताई येण्याआधीच्या दिवाळीत. कॉलेजात पर्यावरणाचा एक विषय असतो, त्याच्या पुस्तकात एक धडा होता. तो वाचताना मला आमचा मोहाचा पट्टाच दिसला, आणि घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नसल्यामुळे असं काही सापडलं की ते बाबांना सांगावं असं मला फार वाटायचं. मी त्यांच्याजवळ बसून सगळा धडा सांगितला. आपल्या पाळीमागचा पट्टा म्हणजे तेच आहे, असंही सांगितलं. बाबा जाळं नीट करत होते. ते म्हणाले, "हो का? शिकत जाय." आणि सुईत नवीन धागा भरायला लागले. संक्रांतीला मी घरी आले, तर तेच बाबा ताईसमोर मांडी घालून बसले होते आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढून जनावरं कुठून उतरतात, कुठं पाणी पितात, कोणत्या भट्टीच्या उजेडाला बुजून मागं फिरतात, हे तासभर सांगत होते. आता वाटतं, मी त्यांना सांगायला गेले होते आणि ती विचारायला आली होती, फरक तेवढाच असेल. पण हे तेव्हा सुचलं नाही. आणि आता सुचून तरी सल कमी होतो असं नाही.

त्याच संध्याकाळी ती गाठीची गोष्ट झाली. बाबा पडवीत दिव्याखाली फाटलेलं जाळं शिवत होते. ताई शेजारी बसली होती. मी समोर खाटेवर पुस्तक घेऊन. एक धागा तुटला. बाबा तो शोधेपर्यंत ताईनं दोन्ही टोकं उचलली आणि न बघता, गप्पा मारता मारता जोडून टाकली. ती डावखुरी होती. बाबांनी ती गाठ ओढून पाहिली. पुन्हा ओढली. विचारलं, "हे कुठं शिकली वं?" ती म्हणाली, "घरी. मागावर ताण्याचा धागा तुटला की अशीच जोडतो आम्ही. बाबूजींनी शिकवली." बाबांनी बाजूला स्वतःची एक गाठ बांधली आणि दोन्ही दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी चुलीपाशी असलेल्या आईला हाक मारली. "इकडे ये वं, पाह्य. कोष्ट्याची अन् ढिवराची गाठ एकच आहे. एकच!" बाबा असे मोठ्यानं बोलणारे नाहीत. आई पिठाचे हात घेऊन आली. तिघं त्या गाठीवर वाकले. दिवा त्यांच्या पलीकडे होता, त्यामुळे माझ्या पुस्तकावर त्यांची सावली पडली.

मी लहानपणापासून त्या जाळ्याजवळ बसत आले आहे. चौथीत असल्यापासून मला शिकवा म्हणत आले. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुहं काम नाही ते. नायलॉन बोटं कापते. तू पेन धर." मी पेन धरला. चांगला धरला, बारावीला तालुक्याच्या गावी माझा सत्कारही झाला. आणि मी पेन धरून दूर गेल्यावर माझ्या जागेवर दुसरीच मुलगी येऊन बसली, तिला तर शिकवावंही लागलं नाही.

जुनी जाळी मोहाखाली बांधायची, म्हणजे फुलं वरच्यावर झेलली जातील आणि पाला जाळावाच लागणार नाही, ही कल्पना त्या हिवाळ्यात निघाली. कोणाची, यावर दोघं नेहमी भांडत. बाबा म्हणायचे पोरीची, ती म्हणायची काकाजींची. घरात आम्ही चौघं होतो आणि त्या भांडणात माझं नाव कधी आलं नाही. तसं यायचं कारणही नव्हतं म्हणा…

पहिल्या मोहाला, फुलं गळायच्या हंगामात, जी फजिती झाली तिचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. पोरीच्या कामाला जुनं कशाला द्यायचं, म्हणून बाबांनी आपलं सगळ्यात चांगलं जाळं काढलं, मोठ्या रोहूचं, मोठ्या घरांचं, म्हणजे मोठ्या भोकांचं. चार झाडांखाली बांबू रोवून छातीएवढ्या उंचीवर ते पाळण्यासारखं ताणलं. पहाटे सगळे बघायला गेलो तर जाळं रिकामं आणि फुलं खाली पाल्यात. मोहाचं फूल ते केवढं, त्या घरांतून सरळ खाली गेलं होतं. नामदेवकाका आधीच येऊन उभे होते. ते म्हणाले, "काय गा, रोहू लागला का मोहाले?" त्यानंतर आठवडाभर गावात बाबा कोणाला दिसले की तो विचारायचा, आज कोणता मासा. चाळीस वर्षं मासे धरणाऱ्या माणसानं जाळ्याचं घर चुकवावं! ताई तिथंच पाल्यात बसून इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग बाबाही हसायला लागले. मला वाटलं होतं ते चिडतील. मी चुकले असते तर मी रडले असते आणि त्यांनी समजूत काढली असती. त्यांच्याबरोबर असं हसणं मला कधी जमलं नाही.

मग त्यांनी बारक्या माशांची, टाकून दिलेली जाळी गोळा केली. तलावाच्या पाळीवर ती वर्षानुवर्षं सडत पडलेली असतात. प्रत्येकात हात जाईल एवढी भोकं. त्या सगळ्यांना ठिगळं लावायला दोघं बसायचे, एका टोकाकडून बाबा, दुसऱ्याकडून ती. जनावराच्या शिंगात अडकू नये म्हणून जाळं उंच ठेवायचं आणि कोपरे असे बांधायचे की धक्का लागला तर सुटून यावेत, हेही त्यातच ठरलं. त्या वर्षी आमच्या चार झाडांखाली आग लागली नाही, एवढंच. बाकी पट्टा जळाला. पण आमची फुलं बिनमातीची, स्वच्छ निघाली, ते बायकांनी पाहिलं. दुसऱ्या वर्षी मोहाच्या आधी एकेक जण अंगणात येऊन जुनं जाळं आहे का म्हणून विचारू लागला. सगळ्यात शेवटी नामदेवकाका आले. दारातच उभं राहून म्हणाले, "माह्या झाडाले बी एक बांध गा. अस्वलासाठी नाही, मोहासाठी. सांगून ठेवतो." बाबा म्हणाले, अस्वलाले तसं सांगतो.

त्या वर्षी पट्टा जळला नाही. मी परीक्षेआधीच्या सुट्टीत घरी होते. ताई नव्हती, तब्येतीसाठी भंडाऱ्याला गेली होती. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार, आहे हे मला तेव्हा कळलं. आईला माहीत होतं, बाबांना पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. थंडीत तिचे सांधे दुखायचे तेव्हा आई तिला मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. माझ्याच खाटेवर. मला कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी बाबा तलावावरून जवळजवळ धावत आले आणि म्हणाले, शुभाले फोन लाव. त्यांचे हात ओले होते, म्हणून मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. ते म्हणाले, "गेली वं, गेली. मोहाखालूनच गेली. पाळीवर पानी पेली अन् सरळ वर चढली. पिलू पाठीवर बसून होतं." बाबा म्हणाले, "आयकून राहिली ना?" पलीकडून ताईचा आवाज आला, हो काकाजी, एवढाच. ती रडत होती. आमच्या एरवी दरवर्षी जळणाऱ्या, अरुंद पट्ट्यातून अस्वलाची मादी पिलाला घेऊन न घाबरता गेली, ही आमच्या गावातली इतकी मोठी बातमी. ती मी बाबांच्या कानाशी फोन धरून ऐकली. फोन बंद झाल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि जणू आठवल्यासारखं म्हणाले, "आयकलं ना तू बी?"

तिला शेवटची भेटले ती दवाखान्यात. माझं कॉलेज भंडाऱ्यातच, त्यामुळे आईनं तिच्यासाठी झिंग्यांची चटणी माझ्याकडे पाठवली होती. डाव्या हाताला सलाइन होतं आणि उजव्या हातानं ती लहान मुलासारखं सांडत खात होती. मोहाचं, गावाचं विचारून झालं. मग ती एकदम म्हणाली, "तू माझ्यावर चिडून असतेस ना गं?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं. मग ये, तुला गाठ शिकवते." चादरीचा एक सुटलेला दोरा तिनं उजव्या हातात धरला, पण त्या हातानं तिला येईना. मी म्हटलं, राहू दे ताई, मी बाबांकडूनच शिकेन.

ती हसली. म्हणाली, "ते नाही शिकवणार. मी दोनदा सांगून पाहिलं."

मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, माह्या पोरीचे हात तसेच राहू दे."

तिला वाटलं असेल की हे ऐकून मला बरं वाटेल. मी डबा धुतला, पिशवीत ठेवला आणि होस्टेलवर आले. रस्त्यात बसस्टँडवर उभी राहून मी माझे हात पाहिले. मऊ होते. शाईचा एक डाग सोडला तर त्यांच्यावर काहीच नव्हतं. बाबांनी जपलेले माझे हात… आणि तिच्या बोटांवर नायलॉनचे काप होते, बाबांसारखेच, तर्जनीच्या त्याच पेरावर.

ती गेल्यावर बाबा भंडाऱ्याला जाऊन आले. आले आणि दोन दिवस तलावावर गेले नाहीत. ते मोठ्यानं रडले नाहीत, पण जेवताना मध्येच हात थांबायचा. मी घरी होते, दोन्ही वेळचं पाणी मी देत होते, आणि मी त्यांच्याकडे बघून विचार करत होते की मी गेले असते तर यांचा हात असाच थांबला असता का. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. जिवंत माणसाचा तरी कधीतरी संपतो, त्याचं काहीतरी चुकतं, तो आपल्यासारखाच आहे हे दिसतं. तिचं आता काहीच चुकणार नाही. नंतर तिच्या संस्थेची माणसं आली. तिच्याविषयी चार शब्द बोला, आम्ही लिहून घेतो, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लिहील. हिले येते." म्हणून हे मी लिहिते आहे. तिच्यात आणि त्यांच्यात जे होतं त्यातलं एक काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, आणि ते हे.

जाळी आता आमच्या पडवीत आढ्याला टांगलेली आहेत, पुढच्या मोहापर्यंत. खाली माझी खाट आहे. खुंटी रिकामी आहे, तिच्यावर मी अजून काही टांगलेलं नाही. मागच्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली तेव्हा उंदीर लागले का बघायला बाबांनी एक जाळं उतरवलं आणि दारात उन्हात बसले. डोळे मिटलेले होते, ठिगळावरून बोटं फिरत होती, आणि ते स्वतःशीच बोलत होते. "हे माही. हे तिची. हे तिची. हे माही." मी विचारलं, गाठ तर एकच आहे, मग कळतं कसं? ते म्हणाले, "तिची डाव्या हाताची. उलट्या अंगानं वळते." आणि पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात पाळीवरून कोणी हाक मारली आणि ते जाळं तसंच टाकून गेले.

मी खाली बसले. एका ठिगळाच्या शेवटाला तिची गाठ होती, धाग्याचं टोक थोडं बाहेर राहिलेलं. सुईच्या अणीनं मी ती सैल केली. घट्ट होती, वेळ लागला. कोणता धागा कुठून येतो, कुणाच्या मागून जातो, कुठं दबतो, ते बघत बघत सोडवली. आणि मग त्याच दोन टोकांनी पुन्हा बांधली. पहिल्यांदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. ओढून पाहिली तर नायलॉननं तर्जनीवर बारीक कापलं.

आता त्या सगळ्या जाळ्यात एक गाठ तिची कमी आहे. ती माझ्या उजव्या हातानं वळली आहे, पण बाबांसारखी घट्ट नाही, म्हणजे त्यांचीही नाही. बाबांना मी सांगितलेलं नाही. मोहाला जाळी उतरतील, ते नेहमीसारखे डोळे मिटून बोटं फिरवतील, हे माही, हे तिची… आणि तिथं आले की बोटं थांबतील. मी तेव्हा समोरच बसलेली असेन. त्यांनी फक्त एवढं विचारावं, "अन् हे कोनाची?"